स्पोर्ट्स कारच्या मीटरवर एबीएस, डीएससी आणि ब्रेकचे दिवे एकत्र लागले तर काय करावे

जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार हौसेने घेतल्यानंतर पहिल्या वर्षभरात बहुतेक मालकांवर ही वेळ येते. गाडी व्यवस्थित चालते आहे, ब्रेक नेहमीसारखे लागत आहेत, आणि तरीही मीटरवर दोन-तीन पिवळे दिवे एकदम लागून बसतात. माझ्याकडे बीएमडब्ल्यू झेड४ आहे, ई८९ पिढीची. ही पिढी २००९ ते २०१६ या काळात जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे तयार होत असे. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमधून रॅम्प चढताना एके दिवशी ते दिवे लागले. एका गॅरेजने केवळ दिवे पाहून 'हायड्रॉलिक युनिट गेले' (म्हणजे चाकांकडे जाणारा ब्रेक ऑइलचा दाब हाताळणारे पंप-व्हॉल्व्हचे यंत्र) असा निकाल दिला आणि सहा आकडी खर्च सांगितला. प्रत्यक्षात बिघाड पुढच्या डाव्या चाकाजवळच्या एका वायरीत होता. तो सापडेपर्यंत तीन आठवडे गेले. तुमचे ते आठवडे वाचावेत म्हणून कोणत्या क्रमाने तपासावे ते येथे लिहीत आहे. उदाहरणे झेड४ ची असली तरी बीएमडब्ल्यूच्या डीएससीप्रमाणेच घसरणारी गाडी सावरणाऱ्या पोर्शेची पीएसएम, निस्सानची व्हीडीसी, मर्सिडीज व ऑडीची ईएसपी या प्रणाली मुळात त्याच तत्त्वावर चालतात.

एक गोष्ट आधी समजून घेतली की पुढचे सगळे सोपे जाते. चाके जाम होऊ न देणारी एबीएस प्रणाली बॉशने १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये प्रथम आणली. गाडी घसरताना तिला वळणावर सावरणारी ईएसपी १९९५ साली तिच्याच पायावर उभी राहिली. बीएमडब्ल्यूची डीएससी ही तीच गोष्ट. तिला चारही चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन, गाडीचे स्वतःभोवती वळणे, ब्रेकमधील दाब आणि ब्रेक लाइटचा स्विच एवढी माहिती सतत लागते. यांपैकी एका ठिकाणची माहिती संशयास्पद वाटली की संगणक अर्धवट माहितीवर ब्रेक हाताळण्याऐवजी स्वतःला बाजूला करून घेतो. त्यामुळे तीन दिवे लागले म्हणजे तीन बिघाड झाले असे नसते. बहुतेक वेळा एकच छोटा बिघाड असतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या यंत्रणा एकत्र बंद पडलेल्या असतात. टायरमधली हवा कमी झाल्याचे चाकांच्या वेगावरून ओळखणारी प्रणाली आणि क्रूझ कंट्रोलही त्यांच्यासोबत बंद पडू शकतात.

१. दिवा कोणता, रंग कोणता, स्थिर की लुकलुकणारा

गाडी बाजूला घ्या आणि मोबाइलवर मीटरचा फोटो काढून ठेवा. बंद करून पुन्हा चालू केल्यावर दिवा गेला, तर नेमके काय पाहिले होते ते नंतर आठवत नाही.

घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर प्रणाली त्या क्षणी काम करते आहे. पावसात थोडा जास्त ॲक्सिलरेटर दिला की मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे होणारच. तो बिघाड नव्हे. तोच दिवा स्थिर राहिला तर प्रणाली बंद आहे. ती तुम्ही बंद केली आहे की तिने स्वतःला बंद केले आहे, एवढे पाहायचे. झेड४ मध्ये डीएससीचे बटण थोडा वेळ दाबले की डीटीसी नावाची सैल अवस्था सुरू होते आणि बराच वेळ दाबून धरले की डीएससी बंद होते. शिवाय 'स्पोर्ट प्लस' निवडले की डीटीसी आपोआप सुरू होऊन दिवा लागतो. नवी गाडी घेतलेल्या एका मित्राने एवढ्यासाठी गाडी थेट गॅरेजला नेली होती, म्हणून आधी बटणे पाहा.

पिवळा एबीएस आणि पिवळा डीएससी एकत्र असतील, तर साधे ब्रेक चालू आहेत, पण चाके जाम होण्यापासूनचे संरक्षण नाही. लाल ब्रेकचा दिवा हा मात्र वेगळा विषय आहे. हँडब्रेक लागलेला असणे, ब्रेक ऑइल कमी होणे, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी बंद पडणे ही त्याची कारणे असतात. लाल दिवा आणि एबीएसचा पिवळा दिवा एकत्र लागले तर ईबीडीही गेली असे धरून चालावे.

२. गाडी चालवायची की थांबवायची

हँडब्रेक सोडूनही लाल दिवा राहत असेल, किंवा पॅडल मऊ लागत असेल, खाली जात असेल, तर गाडी पुढे नेऊ नका. ईबीडीविना जोरात ब्रेक मारला की मागची चाके आधी जाम होऊ शकतात, आणि पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम अडीच मीटर अंतर असलेली मागच्या चाकांवर चालणारी गाडी तेवढ्याने गिरकी घेते. अशा वेळी फ्लॅटबेड मागवा. पुढची चाके उचलून मागची रस्त्यावर फरफटवणारी साधी टोइंग व्हॅन नको, कारण ड्युअल क्लच गिअरबॉक्सला ते बाधते. गाडी चढवताना पुढचा बंपर रॅम्पला घासू नये म्हणून फळ्या लावायला सांगा. नेहमीच्या गाड्या ओढणाऱ्यांना या गाडीच्या कमी उंचीची सवय नसते.

फक्त पिवळे दिवे असतील आणि पॅडल नेहमीसारखे घट्ट असेल, तर सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येते. पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा, ओल्या रस्त्यावर ब्रेक हळू दाबा, आणि चाक जाम होऊन गाडी सरळ सरकू लागली तर पॅडल क्षणभर सैल करून पुन्हा दाबा. ताम्हिणी किंवा खंडाळ्याचा घाट त्या दिवशी टाळावा.

३. जवळ काय हवे

कागदांमध्ये आरसी, मालकाची पुस्तिका, मागील सर्व्हिसची बिले आणि टायर बदलल्याचे बिल शोधून ठेवा. टायरच्या बिलाचे महत्त्व पुढे येईलच. चासी क्रमांकातील शेवटची सात अक्षरे वहीत लिहून ठेवा, कारण बीएमडब्ल्यूचे सुटे भाग त्यावरूनच शोधले जातात.

अवजारांमध्ये टॉर्च, हवा मोजण्याचे गेज, मल्टिमीटर, बुटका ट्रॉली जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवून ठेवण्याचे स्टँड) आणि ठराविक जोराने बोल्ट आवळणारा टॉर्क पाना लागतो. झेड४ चे चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला घट्ट करायचे असतात. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नका.

स्कॅनर घेताना मात्र बहुतेकांची फसगत होते. गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड वाचणारे, बाजारात मिळणारे स्वस्त ओबीडी यंत्र बहुधा इंजिनचे कोड तेवढे वाचते आणि डीएससीच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे तिच्या संगणकापर्यंत, पोहोचतच नाही. त्यावर 'कोड नाही' असे दिसले म्हणून बिघाड नाही असे समजू नका. ई८९ साठी लॅपटॉप, तो गाडीला जोडणारी के प्लस डीकॅन केबल आणि बीएमडब्ल्यूचे निदानाचे सॉफ्टवेअर, किंवा या गाड्यांची सर्व मॉड्यूल वाचू शकणारे चांगले ॲप व अडॅप्टर लागते. ते नसेल तर ज्या गॅरेजकडे ते आहे तिथे केवळ स्कॅनचे पैसे देऊन छापील अहवाल घ्या.

४. पैसे न लागणाऱ्या तपासण्या

बॅटरी. ही तपासणी सर्वांत आधी करावी, कारण महिनाभर न हललेल्या हौशीच्या गाड्यांमध्ये पुष्कळदा तीच कारण असते. इंजिन सुरू होताना बॅटरीचे व्होल्टेज फार खाली गेले की संगणकांचा गोंधळ उडतो आणि डीएससीसह तीन-चार असंबद्ध इशारे एकत्र येतात. रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. झेड४ ची बॅटरी डिकीत असते. ती बदलली तर गाडीच्या संगणकात नव्या बॅटरीची नोंद करून घ्यावी लागते, आणि हे काम पुष्कळ बॅटरीवाले करीत नाहीत.

ब्रेक ऑइल. पातळी खालच्या खुणेपाशी असेल तर भर घालून मोकळे होऊ नका. पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू उतरते, म्हणून आधी पॅडची जाडी पाहा. आहे त्यावर ऑइल भरले, तर नवे पॅड बसवताना ते उसळून बाहेर येते आणि रंग खाते. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि मग प्रश्न दिव्याचा उरत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंश इतकी खाली आहे. घाट उतरताना याचा अर्थ कळतो. बीएमडब्ल्यू दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगते, आणि डीएससीच्या बारीक वाटांसाठी डॉट ४ एलव्ही हा पातळ प्रकार वापरते.

टायर. डीएससी चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करीत असल्याने टायरचा व्यास हीच तिची मोजपट्टी आहे. १८ इंची चाकांच्या झेड४ ला पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५ टायर येतात. आकडे वेगळे दिसत असले तरी पुढच्या टायरचा व्यास सुमारे ६३७ मिलिमीटर आणि मागच्याचा सुमारे ६३६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास सारखाच भरतो. हे मुद्दाम साधलेले असते. खड्ड्यांना कंटाळून कुणी मागे २५५/४० बसवले, तर मागचा व्यास ६६१ वर जातो आणि मागची चाके कायमच सुमारे चार टक्के हळू फिरतात. संगणकाला ते चाक घसरल्यासारखे वाटते. गाडी जुनी घेतली असेल तर चारही टायरवरचे आकडे स्वतः वाचा आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीशी ताडून पाहा.

ब्रेक लाइट. भिंतीपाशी गाडी उलटी लावून पॅडल दाबा आणि आरशात लाल उजेड पाहा. पॅडल दाबले आहे असे दाबाचा सेन्सर सांगतो आणि स्विच नाही म्हणतो, अशी विसंगती आढळली की डीएससी बंद होते. हा स्विच स्वस्त असतो. माझ्या मते शंका असेल तर सरळ बदलावा.

पॅडच्या झिजेचा दिवा याहून वेगळा आहे, पण गोंधळ नेहमी होतो. बीएमडब्ल्यूमध्ये पुढे डावीकडे आणि मागे उजवीकडे झिजेच्या सेन्सरची वायर असते. ती एकदा घासली की संपली. नव्या पॅडबरोबर नवी वायर न घातल्यास दिवा तसाच राहतो.

५. कोड वाचा, आणि वाचण्यापूर्वी पुसू नका

माझे तीन आठवडे वाया गेले ते इथेच. त्या गॅरेजने पहिल्याच दिवशी सगळे कोड पुसले आणि 'आता बघू, पुन्हा येतात का' म्हटले. बीएमडब्ल्यूचे मॉड्यूल कोडसोबत त्या वेळचे किलोमीटर आणि काही वेळा गाडीचा वेगही जपून ठेवते. बिघाड पहिल्यांदा केव्हा आला, कितीदा आला, उभ्या गाडीत आला की चालत्या, हे सगळे त्यात असते. पुसले की ते गेले. म्हणून स्कॅन होताना स्वतः उभे राहा, प्रत्येक पानाचा फोटो घ्या, आणि मगच पुसायला परवानगी द्या.

सर्वसामान्य नियमावलीत चाकांच्या सेन्सरचे कोड सी००३५, सी००४०, सी००४५ आणि सी००५० असे असतात. अनुक्रमे पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे डावे आणि मागचे उजवे चाक. बीएमडब्ल्यू स्वतःचे वेगळे कोड वापरते, त्यामुळे इंटरनेटवरील दुसऱ्या गाडीची यादी इथे लावू नका. कोडाचे शब्दही नीट वाचा. 'सेन्सरचा संकेत नाही' आणि 'सेन्सरचा संकेत अविश्वसनीय' यांत फरक आहे. पहिल्यात बहुधा वायर, कपलर (वायरींचा जोड) किंवा सेन्सर दोषी असतो. दुसऱ्यात टायरचा व्यास, बेअरिंग किंवा सेन्सर ज्यावरून चाकाचा वेग मोजतो त्या बेअरिंगमधल्या चुंबकीय कड्याकडे पाहावे लागते. कोड कोणत्या चाकाकडे बघायचे ते सांगतो, कोणता भाग विकत घ्यायचा ते सांगत नाही.

माझ्या दुसऱ्या स्कॅनमध्ये पुढच्या डाव्या चाकाचा कोड होता आणि तो प्रत्येक वेळी ताशी दहा किलोमीटरपेक्षा कमी वेगात आलेला होता. रॅम्पवर किंवा पार्किंगमध्ये, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना. महामार्गावर एकदाही नाही. हायड्रॉलिक युनिट गेले असते तर ते पार्किंग बघून रुसले नसते.

६. चाकाजवळची तपासणी

गाडी घोड्यांवर घ्या, कोडातले चाक काढा आणि वायर सेन्सरपासून चासीतल्या कपलरपर्यंत डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा. ती शॉकअबसॉर्बरवरच्या रबरी पकडींत बसलेली असायला हवी. माझ्या गाडीत आधीच्या दुरुस्तीनंतर एक पकड पुन्हा बसवलीच नव्हती. वायर लोंबत होती आणि स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवले की टायरला घासत होती. बाहेरचे आवरण केसभरच उघडे पडले होते, पण आतले तांबे हिरवे झालेले होते. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीरही हेच काम अधिक वेगाने करतात. बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर तिथली वायरिंगही पाहा.

यानंतर इंजिन बंद पण इग्निशन चालू ठेवून स्कॅनरवर थेट आकडे लावा, आणि दुसऱ्या कुणाला चाक हाताने फिरवायला सांगून स्वतः वायर हळूहळू हलवा. आकडा मध्येच शून्यावर गेला की जागा सापडली. नंतर मोकळ्या रस्त्यावर, सोबत्याच्या हाती लॅपटॉप देऊन, ताशी २०-३० किलोमीटरने सरळ जा आणि चारही चाकांचे आकडे ताडून पाहा.

मल्टिमीटरचा एक सापळा इथे आहे. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये केवळ तारेची गुंडाळी असते आणि तिचा रोध मोजून ती तुटली आहे का ते कळते. झेड४ सारख्या गाड्यांत वीजपुरवठ्यावर चालणारा सक्रिय सेन्सर असतो. त्याचा रोध मोजून काहीही सिद्ध होत नाही. तिथे कपलरपर्यंत व्होल्टेज येते का एवढेच तपासावे.

सेन्सर वाईट आहे का याची बिनखर्ची चाचणी म्हणजे डाव्या-उजव्या सेन्सरची अदलाबदल, अर्थात भाग क्रमांक एकच असेल तर. कोड दुसऱ्या चाकावर गेला तर सेन्सर बदला. तिथेच राहिला तर वायर किंवा बेअरिंगमधले चुंबकीय कडे तपासा. हे कडे बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच असते. प्रेसने बसवायचे बेअरिंग उलटे बसवले गेले, तर चाक छान फिरते, आवाज येत नाही, पण संकेत येत नाही, आणि मग एकामागून एक नवे सेन्सर वाया जातात. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवे लागले असतील तर पहिला संशय यावरच घ्या. चुंबकाचे अवजार त्या कड्याजवळ नेऊ नका.

वॉशिंग सेंटरमध्ये जोराच्या पाण्याचा झोत चाकाच्या आत मारल्यानंतर दिवे लागले आणि दोन दिवसांनी गेले, तर कपलरमध्ये पाणी जाते आहे. वाळवून, साफ करून, सील तपासा.

७. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर

बॅटरी काढल्यानंतर किंवा अलाइनमेंटनंतर केवळ डीएससीचा दिवा राहिला असेल, तर सेन्सरला सरळ दिशा ठाऊक नसण्याची शक्यता मोठी आहे. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मध्यावर आणा आणि थोडे सरळ चालवून पाहा. तेवढ्याने दिवा गेला नाही तर स्कॅनरने शून्याची जुळवणी करून घ्यावी लागते. अलाइनमेंटवाल्याकडून निघताना सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ राहते का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

८. हायड्रॉलिक युनिट, सर्वांत शेवटी

युनिट खराब होतच नाही असे नाही. त्यातील पंपाची मोटर किंवा दाबाचा सेन्सर गेल्याचा कोड पुसल्यावर लगेच परत येत असेल, फ्यूज शाबूत असतील, पंपाला पुरवठा आणि अर्थिंग नीट मिळत असेल, तर ते दोषी धरावे. तरीही लगेच नवे घेऊ नका. पुष्कळदा त्याचा इलेक्ट्रॉनिक भागच बिघडलेला असतो आणि तो दुरुस्त करणारे कारागीर मिळतात. भंगारातून आणलेले युनिट तुमच्या गाडीसाठी कोड करावे लागते. भाग क्रमांक न जुळवता घेतले तर ते पैसे बुडाले. नळ्या उघडल्या असतील तर ब्रेकमधली हवा काढताना स्कॅनरने युनिटचे व्हॉल्व्ह चालवून घ्यावेत, नाहीतर आत अडकलेली हवा पॅडल मऊ ठेवते. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचे काम करण्यापूर्वी तो दुरुस्तीच्या अवस्थेत नेणे आवश्यक असते. हे काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांनी हे सगळे वार्षिक एमओटी तपासणीआधी उरकावे. एबीएस किंवा स्थिरता प्रणालीचा दिवा लागलेला असेल तर गाडी तिथे नापास होते. दिव्याचा बल्ब काढून टाकण्याची युक्तीही चालत नाही, कारण इग्निशन चालू करताना दिवा लागून विझतो का हे पाहिले जाते. भारतात जुनी गाडी विकत घेतानाही हीच तपासणी तुम्ही स्वतः करा: इग्निशन चालू करताना एबीएस आणि डीएससीचे दिवे क्षणभर लागलेच नाहीत, तर ते कुणीतरी मुद्दाम बंद केले असावेत.

९. दुरुस्तीनंतर

कोड पुसा आणि थोडे अंतर चालवा. काही गाड्यांत चाकांचा वेग पडताळल्याशिवाय दिवा विझत नाही. सुरुवातीच्या मीटरभरात पुढून क्षणभर घरघर आली तर ती पंपाची स्वतःची चाचणी असते. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर मागे कुणी नाही हे पाहून एकदा जोरात ब्रेक मारा; पॅडलला थरथर जाणवली पाहिजे आणि गाडी सरळ थांबली पाहिजे. ज्या परिस्थितीत दिवा लागत होता ती मुद्दाम पुन्हा निर्माण करा. मी नवी वायर आणि पकड बसवल्यावर तळघराचा रॅम्प स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून सलग सहा वेळा चढलो, तेव्हा वॉचमनकाका खुर्ची सोडून बघायला आले होते. शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा स्कॅन करा, आणि तो कोरा अहवाल तारीख व किलोमीटर लिहून सर्व्हिसच्या बिलांसोबत लावून ठेवा.